जुन्याला नवी जोडू नये

हिवराज टेंभऱ्यांनी पहिल्याच भेटीत मला खुनी ठरवलं.

१९९९ साली सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला मी एसटीडी बूथ टाकला, जोडीला झेरॉक्सचं मशीन. आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात, आणि ती असण्यापेक्षा नसण्याबद्दलच जास्त बोललं जातं. बूथचं मीटर आणि डोक्यावरचा पंखा तरी चालावा म्हणून सुरुवातीलाच इन्व्हर्टर घेतला होता. सव्वा वर्षात त्याची बॅटरी बसली. शेजारच्या गाळ्यावर ‘टेंभरे बॅटरी सर्व्हिस’ अशी पाटी होती. पाटीखालच्या माणसाशी तोवर मान हलवण्यापुरतीच ओळख. मी त्यांना बोलावून आणलं आणि म्हटलं, “भाऊ, बॅटरी मेली. माल खराब निघाला.”

ते उकिडवे बसले, वरची सहा झाकणं एकेक करून उघडली, आत टॉर्च मारला. सहाही कप्प्यांत डोकावून झालं तेव्हा टॉर्च माझ्या हातात दिला.

“पाहा.”

मी पाहिलं. आतल्या शिशाच्या पट्ट्या उघड्या पडून पांढऱ्या झाल्या होत्या. पाण्याचा टिपूस नव्हता.

“पाणी कधी टाकलं होतं?”

“पाणी टाकावं लागतं?”

त्यांनी झाकणं परत लावली. हात फडक्याला पुसले. “बॅटरी मरत नाई जी ताई. लोक मारतेत तिले. हे तुमी मारली.”

मला राग आला. मी तिथे धंदा करायला बसले होते, बोलणी खायला नाही. पण नंतर पाहिलं तर हा माणूस सगळ्यांशी असाच बोलायचा. हायवेवरचे ट्रक ड्रायव्हर यायचे, पंजाबकडचे, छत्तीसगडचे. म्हणायचे, “चाचा, बैटरी अपने आप बैठ गई.” हिवराजभाऊ झाकण उघडता उघडता म्हणायचे, “अपने आप कुछ नहीं मरता.” मग आत पाहून निकाल द्यायचे: ही तहानेने मेली, ही उन्हाने, हिला रात्रभर टेप वाजवून उपाशी मारलं, हिला चार्जिंगवर विसरून जास्त खाऊ घालून मारलं. नवी बॅटरी विकून दोन पैसे सुटले असते, तरी आधी खून कोणी केला हे सांगितल्याशिवाय ते विकत नसत. निम्मी गिऱ्हाइकं त्यामुळे पुढच्या दुकानात जायची. उरलेली निम्मी जन्माची बांधली जायची. मी दुसऱ्यांपैकी.

ते पोवार, इकडचा शेतकरी समाज. भाऊबंद सगळे धानाच्या शेतीत. हे एकटेच तरुणपणी रायपूरच्या एका गॅरेजात राहून हे काम शिकून आले. “धानाच्या बांधीतला चिखल सोडून शिसं कायले कुरतडते हा,” असं भावकीत म्हणत. अंगाने काटकुळे. ॲसिडचे थेंब उडून सुती कापडाची जाळी होते म्हणून बारा महिने टेरिकॉटचा शर्ट, मे महिन्यातसुद्धा. त्या शर्टालाही पोटाजवळ बारीक बारीक भोकं असायचीच. बसायच्या जागेशेजारी खाण्याच्या सोड्याचा मोठा डबा, ॲसिड सांडलं तर वर टाकायला. समोरच्या ढाब्यावरचा भजीवाला सोडा संपला की तिथूनच मूठभर न्यायचा. भजी खाताना मी तो विचार टाळत असे. संध्याकाळी दुकान बंद करताना हिवराजभाऊ गुळाचा खडा तोंडात टाकायचे. गुळाने पोटातलं शिसं धुऊन निघतं, अशी त्यांची समजूत. निघत नाही, हे मी एका डॉक्टरला विचारून त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “गोड तं लागते ना?”

आणि पांढरा ऑइल पेंट. हाताखालून गेलेल्या प्रत्येक बॅटरीच्या पोटावर ते बारीक कुंचल्याने तारीख टाकत. ती कोणत्या दिवशी कामाला लागली याची. “जनम मालूम नाई तं वय कसं मोजता?” असं विचारत. तालुक्यातल्या अर्ध्या ट्रॅक्टरांच्या बॅटऱ्यांवर त्यांचं अक्षर होतं.

त्यांची बायको कौसल्या. सगळे कौसाबाई म्हणत, मी वैनी. घर आमच्या गाळ्यांच्या मागेच, शेताचा एक धुरा, म्हणजे बांध, ओलांडला की. ती सकाळी राईस मिलमध्ये कामाला जायची आणि दुपारी नवऱ्याचा डबा घेऊन यायची तेव्हा केसांवर, भुवयांवर कोंड्याची पिवळी धूळ असायची. तोंडाची फटकळ. नवरा कुंचला घेऊन बसला की म्हणायची, “एकडाव माझ्यावर बी टाका तारीख. मी बी तुमच्याच हाताखाली झिजून राहिली.”

बॅटरीला नळाचं किंवा विहिरीचं पाणी चालत नाही; वाफेचं थंड केलेलं शुद्ध पाणी लागतं. बाजारात ते बाटलीत मिळायचं, पण हिवराजभाऊंचा त्या बाटल्यांवर विश्वास नव्हता. त्यांनी दुकानाच्या मागे स्वतःच भट्टी लावली. जुना मोठा कुकर, तांब्याची वळलेली नळी, थंड पाण्याची बादली, खाली काचेचा बरणा. आता आमच्या मुलखात मागच्या अंगणात अशी नळी आणि असा बरणा दिसला, तर माणूस एकच अर्थ काढतो. उन्हाळ्यात मोहफुलं पडायला लागली आणि कोणीतरी चुगली केली.

दोन शिपाई मोटरसायकलवरून आले. मी झेरॉक्स काढता काढता पाहत होते. त्यातल्या मोठ्याने बरणा उचलला, वास घेतला, पुन्हा घेतला.

“वास कुठं गेला रे याचा?”

“वास नसते साहेब. बॅटरीचं पाणी हाय.”

“मले शिकवतं?” म्हणून त्याने घोट घेतला. मग दुसरा. चेहरा पडला. “पाणीच हाय हे तं!”

“मी तेच सांगून राहिलो.”

“मंग एवढा जाळ कायले करतं पाण्यासाठी?”

हिवराजभाऊंनी त्याच्या मोटरसायकलकडे बोट दाखवलं. “तिच्या बॅटरीत काय टाकता? विहिरीचं?” शिपायाने गाडीकडे वळून पाहिलं. “बाजूचं झाकण काढा. पाहू द्या.” आणि पाच मिनिटांत धाड घालायला आलेला पोलीस आपल्या गाडीच्या बॅटरीचा खुनी ठरून, पुढल्या महिन्यात पाणी तपासून न्यायचं वचन देऊन गेला. कौसावैनी डबा घेऊन उभी होती. ती म्हणाली, “दारू गाळली असती तं मले आज सोन्याच्या पाटल्या असत्या. हा बुवा पाणी गाळते.”

हे सगळं हसण्यासारखं झालं. पुढचं तसं नाही.

दसऱ्याला आमच्याकडे नांगर, इंजिन, ट्रॅक्टर, मोटरसायकल, जे जे पोटाला देतं त्याची पूजा होते. त्या वर्षी जवळच्या गावातला एक शेतकरी सकाळीच ट्रॅक्टर घेऊन आला. बॅटरी आदल्या दिवसापासून हिवराजभाऊंकडे चार्जिंगला होती. सोबत बायको, हातात देवळात न्यायचं ताट. हिवराजभाऊंनी बॅटरी चार्जरवरून काढून दुकानासमोरच्या पाटावर ठेवली. झाकणं सैलच होती. ते पेंटचा डबा आणायला आत वळले. तेवढ्यात त्या बाईला वाटलं, बसवायच्या आधी इथेच ओवाळून घ्यावं. तिने हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि निरांजन जवळ नेलं.

चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. ठिणगीला तो बंदुकीच्या दारूसारखा आहे.

आतून हिवराजभाऊंचा आवाज आला, “बाई, दिवा नोको—” आणि धडाका झाला.

मी बाहेर आले तेव्हा बाई तोंड झाकून किंचाळत होती. हिवराजभाऊंनी तिला दंडाला धरून दुकानाबाहेरच्या पाण्याच्या ड्रमपाशी ओढत नेलं, खाली बसवलं, दोन्ही अंगठ्यांनी तिच्या पापण्या उघड्या धरल्या आणि ओरडले, “कौसा, पाणी टाक!” कौसावैनी नुकतीच डबा घेऊन आली होती. तिने तांब्या भरून डोळ्यांवर धार धरली. दुसरा तांब्या, तिसरा. नवरा धावत आला. “दवाखान्यात नेऊ दे तिले! हात काढ माझ्या बायकोवरून!” त्याने हिवराजभाऊंच्या पाठीत दोन-तीन गुद्दे घातले. हे हलले नाहीत. “मारा. पण पाणी नाई थांबणार.” बाई म्हणत होती पुरे, पुरे. “माणूस पुरे म्हणते, तरी थांबायचं नाई, कौसा. टाक.” सगळा ड्रम संपला, मग माझ्या दुकानातल्या दोन बादल्या. अर्ध्या तासाने त्यांनी तिला जीपमध्ये चढू दिलं.

तिचे दोन्ही डोळे वाचले. डॉक्टरने सांगितलं, पाण्याने वाचले. नवऱ्याने पुढे धानाचं पोतं आणून टाकलं आणि मान खाली घालून गेला.

त्यानंतर हिवराजभाऊंच्या दुकानात दिवा, उदबत्ती, कापूर काही लागलं नाही. दर दसऱ्याला ते ताटात बारा व्होल्टचा बल्ब ठेवून, दोन वायरी मागे सोडून, त्यानेच ओवाळायचे. लोक पाहायला थांबायचे. कौसावैनी म्हणायची, “आमच्या घरी देवाले बी लाईनच लागते.”

त्यांचे नियम तेव्हा सगळ्यांना पाठ होते. बॅटरी मोकळ्या हवेत ठेवावी. अर्ध्याखाली उतरू देऊ नये. ठिणगी जवळ नेऊ नये. आणि जुन्या बॅटरीला नवी जोडू नये, कारण जुनी नवीला चोखून घेते आणि दोघी जातात. मोबाइल आले तेव्हा माझ्या पहिल्या फोनची बॅटरी फुगली. मी ती अंगठ्याने दाबून परत बसवत होते. त्यांनी माझ्या हातातून ती अक्षरशः हिसकावली आणि वाळूच्या डब्यात पुरली. “फुगलेली वस्तू दाबत नसतेत ताई. थे तुमाले सांगून राहिली का आता बस.” मी चार दिवस फोनविना राहिले.

कौसावैनीचा खोकला आधी मिलमधला म्हणून सोडून दिला, मग हिवाळ्यातला म्हणून. पुढे तिला धुरा ओलांडताना मध्ये बसावं लागू लागलं. नागपूरच्या डॉक्टरने फुप्फुसं दाखवली: मिलचा कोंडा, चुलीचा धूर, वीस वर्षांचा. औषधाने मागे फिरणार नाही, म्हणाला. घरी ऑक्सिजनचं मशीन लावा, दिवसातले सोळा तास. मशीन हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करून नळीने नाकात सोडतं. त्याला एकच गोष्ट लागते, लाईन.

आणि ही गोष्ट आहे लोडशेडिंगच्या सगळ्यात वाईट वर्षांतली.

नागपुरात एका घरातला पेशंट गेला होता, त्यांच्याकडून जुनं मशीन आणलं. फ्रिजसारखी घरघर करायचं. लाईन असेल तोवर ठीक. लाईन गेली की इन्व्हर्टर, आणि ते मशीन बॅटरी अशी ओढायचं की चांगली बॅटरी तीन तासांत खाली. दुपारची लाईन कधी पाच तास नसायची, कधी सहा. तालुक्यातला सगळ्यात चांगला बॅटरीवाला, आणि त्याच्या घरी भरवशाची एक बॅटरी नव्हती. जो पैसा होता तो मशीनमध्ये आणि नागपूरच्या दवाखान्यात गेला होता. मग त्यांनी दुकानात टाकून दिलेल्या बॅटऱ्या उघडल्या. पट्ट्या धुतल्या, एकीचा बरा कप्पा दुसरीत घातला, दोन उभ्या केल्या. ट्रकवाल्यांनाही कळलं होतं. तिसरी एक सरदारजी आपल्या ट्रकची जुनी उतरवून ठेवून गेला, “चाची के लिए.”

दुपारी ते दुकान बंद करून घरी बसायला लागले. बॅटऱ्या ओसरीवर, वायर खिडकीतून आत. एक उतरत आली की दुसरी लावायची. जोडायच्या नाहीत, एकेकच वापरायची. वैनी खाटेवर बसून, नाकात नळी, त्यांच्याकडे पाहायची. बोलायला दम पुरत नव्हता, तरी बोलायचीच. एकदा मला म्हणाली, “आयुष्यभर याने... दुसऱ्यायच्या बॅटऱ्या... जगवल्या. आता पाहा... कसा अडकला.”

माझी बॅटरी आठ महिन्यांची होती. मी ती हातगाडीवर घालून घेऊन गेले.

“नाई जी,” ते म्हणाले. “या तीन म्हाताऱ्या हायेत. त्यायच्यात ही नवी आणली आणि एखाद्या दिवशी हात चुकला तं?”

“जोडू नका. चौथी म्हणून ठेवा.”

“तुमचा बूथ?”

“माझा बूथ कोणाचा श्वास नाही. नियम बॅटरीचे की माणसाचे, भाऊ?”

“ॲसिड माणूस नाई पाहत, ताई.”

आत वैनी खोकायला लागली. तो खोकला संपेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. मग त्यांनी हातगाडीवरून बॅटरी उतरवली. मी घरी आले तेव्हा मला बरं वाटत होतं. आपण एक काम नीट केलं, असं वाटत होतं.

दोन महिने तसे निघाले. रोजचं तेच. लाईन गेली, पहिली लावली; ती उतरली, दुसरी. संध्याकाळी लाईन आली की सगळ्या चार्जिंगला. पण जुन्या बॅटऱ्या रोज खालपर्यंत उतरवल्या की आणखी म्हाताऱ्या होतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? दीड तास देणारी तासावर आली, तासाची पाऊण तासावर. त्यांनी बॅटऱ्यांवर नवी तारीख टाकणं सोडून दिलं होतं. त्या दिवसांत मी त्यांना एकदा विचारलं, पुढे काय? बॅटरीत किती जीव उरला ते पाहायला ते काचेच्या नळीत ॲसिड ओढून आतला तरंगता काटा पाहत होते. म्हणाले, “संध्याकाळपावेतो पाहून राहिलो जी मी. त्याच्या पुढचं नाई पाहत.”

मे महिन्यात ओसरीचे पत्रे तापले. उन्हात बॅटरी लवकर उतरते आणि लवकर मरते, म्हणून त्यांनी चारही बॅटऱ्या आत, वैनीच्या खोलीत सावलीला घेतल्या. गरम वाऱ्याने धूळ यायची, धुळीने तिला ढास लागायची, म्हणून खिडकी लावून घेतली. यातली एकेक गोष्ट बरोबर होती. मीही असंच केलं असतं.

त्या दुपारी लाईन ठरल्या वेळेला आली नाही. तिन्ही जुन्या संपल्या. माझी लावली, तीही खाली आली. मशीन टुंटुं करायला लागलं, वैनीच्या ओठांचा रंग बदलायला लागला. तेव्हा त्यांनी जे उरलंसुरलं असेल ते एकत्र मिळावं म्हणून चारही बॅटऱ्या एकमेकींना जोडल्या. मशीन पुन्हा चालू झालं. दहा-बारा मिनिटं चाललं. जुन्यांपैकी एकीचा कप्पा आतून जुळून, म्हणजे शॉर्ट होऊन, गेला होता. ती माझ्या बॅटरीतलं सगळं ओढून घेऊ लागली, तापली, तिचं पोट फुगलं, आतून खदखद आवाज यायला लागला. त्यांनी तिच्या वायरचा चिमटा ओढून काढला. ठिणगी पडली.

हे सगळं मला नंतर त्यांनीच सांगितलं, दवाखान्यात, क्रमाने, एखाद्या गिऱ्हाइकाच्या बॅटरीबद्दल सांगावं तसं.

मी धडाका ऐकला होता. दुकानात बसल्या बसल्या ऐकला आणि वाटलं ट्रकचा टायर फुटला. हायवेवर उन्हाळ्यात रोज फुटतात. मी मान वर केली नाही. पंधरा-वीस मिनिटांनी शेजारची एक बाई धापा टाकत आली. “ताई, चला, हिवराजभाऊच्या घरी...”

खोलीचं दार उघडं होतं. भिंतीवर ॲसिडचे काळे ओघळ. हिवराजभाऊ मोरीत उताणे पडले होते. कौसावैनी त्यांच्या डोक्याशी बसून तांब्याने डोळ्यांवर पाणी टाकत होती. नाकात नळी नव्हती. रांजण मोरीपासून चार पावलांवर. ती बसत बसत जायची, तांब्या भरायची, बसत बसत यायची. ओठ जांभळे, नखं जांभळी. ते ओरडत होते, “पुरे झालं कौसा, पुरे! तू बस! नळी लाव!” आणि ती टाकत होती.

मी तांब्या तिच्या हातातून घेतला. तिने सोडला नाही लवकर.

“थांबू... नोको,” ती मला म्हणाली. “थो पुरे म्हणते... तरी.”

मी पाणी टाकत राहिले. शेजारणीला नाक्यावर जीप आणायला पाठवलं. ती काळी-पिवळी घेऊन आली. मी वैनीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे उघडे, छाती भात्यासारखी. मी म्हटलं, “आधी इथल्या दवाखान्यात तुम्हाला—” तिने हात हलवला. “मले काई... नाई झालं. यायचे डोळे. गोंदियाले.”

मी तिचं ऐकलं. डोळ्यांचा डॉक्टर गोंदियाला होता, म्हणून थेट गोंदिया. ती बोलत होती, म्हणून मला वाटलं की ती ठीक आहे. जिला चार पावलं चालवत नव्हती, तिने अर्धा रांजण पाणी वाहिलं होतं, हा विचार मी तेव्हा केला नाही.

जीपमध्ये मागच्या बाकावर ते मध्ये, डोळ्यांवर ओला टॉवेल. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती, त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून. त्यांनी तिचा हात धरला होता आणि सारखं बोलत होते. “हळू घे. नाकाने घे. तोंडाने नोको घेऊ. लाईन आली असन आता. आपण संध्याकाळी जाऊ वापस.” गोरेगाव यायच्या आधीच तिची छाती थांबली. मला दिसलं. मी समोरच्या आरशात ड्रायव्हरकडे पाहिलं, त्यालाही दिसलं. त्याने फक्त वेग वाढवला.

“ताई,” ते म्हणाले, “कौसा श्वास घेऊन राहिली ना?”

“घेऊन राहिल्या,” मी म्हटलं.

गोंदिया येईपर्यंत ते तिला श्वास कसा घ्यायचा ते सांगत होते. मी त्यांना थांबवलं नाही.

त्यांचा उजवा डोळा वाचला. डावा गेला. डॉक्टर म्हणाला, एवढं पाणी कोणी टाकलं नसतं तर दोन्ही गेले असते.

ते सडक अर्जुनीला परत आले, तेराव्यापर्यंत राहिले आणि गाळा सोडून गोंदियाला दिलेल्या लेकीकडे गेले. जाताना मला भेटले नाहीत. माझी बॅटरी मात्र माझ्या दारात ठेवलेली होती, धुतलेली, एका बाजूने वितळून काळी पडलेली. तिच्या पोटावर पहिल्या तारखेखाली पांढऱ्या पेंटने दुसरी तारीख होती, त्यांनी त्या दिवशी हातगाडीवरून उतरवल्यावर टाकलेली. ती मी भंगारात दिली नाही. कारण विचारू नका. जागा अडवून बसली आहे, एवढंच.

एसटीडी बूथ मोबाइलने मारला. मी झेरॉक्स वाढवलं, ऑनलाइन फॉर्म भरायला लागले. वर्षं गेली. हिवराजभाऊंबद्दल अधूनमधून कानावर यायचं: गोंदियात ई-रिक्षा आल्यात, त्यांच्या बॅटऱ्यांचं काम करतात, डोकं फिरलंय थोडं, धडधाकट बॅटऱ्यांनाही हात लावतात, ड्रायव्हर त्यांना हाकलून लावतात. मला एक प्रश्न विचारायचा होता आणि मी तो विचारायला जात नव्हते.

मग २०१६ की १७ साली बँकेच्या कामाने गोंदियाला गेले होते. स्टेशनबाहेर ई-रिक्षांची रांग. एका रिक्षाची मागची सीट उचललेली आणि खाली वाकलेला टेरिकॉटचा शर्ट. डावीकडे काळी काच लावलेला चष्मा. सीटखाली चार बॅटऱ्या, त्यावर ड्रायव्हरने धूळ जाऊ नये म्हणून प्लास्टिक गच्च बांधलेलं. हिवराजभाऊ ते कात्रीने कापत होते. “हवा का रास्ता काहे बंद किया? ऊपर सवारी बैठाता है ना?”

मी हाक मारली. त्यांनी मान पूर्ण वळवून उजव्या डोळ्याने पाहिलं.

“ताई. पाणी टाकून राहिले ना इन्व्हर्टरमंदी?”

“महिन्याच्या महिन्याला.”

“बरं करता.”

लेकीचं विचारलं, प्रकृतीचं विचारलं. हात थरथरत होते. गुळाने काही धुऊन निघालं नव्हतं. खिशात पेंटचा कुंचला होता. बोलण्यासारखं संपलं आणि मी उभीच राहिले. मग विचारून टाकलं. “भाऊ, खरं सांगा. माझी नवी बॅटरी तिथे नसती, तर?”

त्यांनी कात्री बंद केली. फडक्याने एकेक बोट पुसलं, पहिल्या दिवशी पुसलं होतं तसं. मी निकालाची वाट पाहत होते. या माणसाने धंदा बुडत असतानाही कोणाला निकाल चुकवून सांगितला नव्हता.

“काई काई आपोआप बी मरते जी,” ते म्हणाले.

मग पुन्हा सीटखाली वाकले. मी “येते” म्हटलं. माझी बस पावणेपाचची होती. दहा-बारा पावलं गेले असेन. मागून ड्रायव्हरचा वैतागलेला आवाज आला, “चाचा, तीन तो अभी नई डाली थीं. अपने आप बैठ गईं.”

आणि त्यांचा, सीटखालून, तोच जुना, कोरडा:

“अपने आप कुछ नहीं मरता. चौथी पुरानी है ना? जोड़ा किसने?”